आर्विडचे बासष्ट अंश

आमच्या गावात रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असते, आणि कॉफीबरोबर पुरुषांची कबुली असते. उत्तर मिनेसोटात पुरुषाची किंमत दोन आकड्यांवर ठरते: बर्फाला भोक पाडून किती मोठा मासा काढला आणि घर तापवणाऱ्या भट्टीचा थर्मोस्टॅट कितीवर ठेवला. माशाच्या बाबतीत सगळेच खोटं बोलतात. दुसरा आकडा जितका कमी तितका पुरुष मोठा, पण तो भिंतीवर असतो. कुणीही घरात येऊन पाहून जातं.

आमचा शेजारी आर्विड टॉलेफसन हा आकडा हळू आवाजात सांगायचा. त्याला ठाऊक होतं, सगळे कान टवकारून बसलेत.

"बासष्ट."

अंश आमचे फॅरनहाइटचे; बासष्टला घरात नाकाचा शेंडा गार पडतो. सत्तरला माणूस मोजे काढून बसतो. एकदा मी पासष्ट म्हणालो, तर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "का रे डेल, घरात टोमॅटो लावलेस का?"

शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर हीटर पोरांच्या बाजूला वळवून स्वतः कुडकुडत बसलेला. त्याच्या बासष्टमध्ये जादू होती, हे मात्र खरं. आम्ही जेवायला गेलो की माझी बायको पाच मिनिटांत स्वेटर उतरवायची. आर्विड भिंतीवर थाप मारायचा. "भिंती! ऊब धरायला मी स्वतः भरल्यात या भिंती!" मग भिंतींत काय भरलं, कसं भरलं याचं व्याख्यान. ते ऐकून गावातल्या तिघांनी आपापल्या भिंती उकरल्या. त्यांची घरं होती तशीच गार राहिली.

जेवणाच्या खोलीत त्याचा तो जुना, गोल, पितळी रंगाचा थर्मोस्टॅट होता. त्याची तबकडी आर्विडशिवाय कुणी फिरवायची नाही, असा घरचा कायदा. बायको वर्ना कायदा पाळणारी. तिने तबकडीला बोट लावलेलं कुणी पाहिलं नाही. तिची बोटं तशीही सांध्यांवर सुजलेली, आणि त्याच बोटांनी ती गोधड्या शिवते. चर्चच्या विक्रीत तिच्या गोधडीवरून बायका एकमेकींशी गोड आवाजात भांडतात. फार वर्षांपूर्वी तिने एकदाच म्हटलं होतं, "आर्विड, गारठ्यात सुई धरवत नाही रे." तो म्हणाला, "स्वेटर घाल." विषय संपला. तिने पुन्हा मागितलं नाही, आणि गोधड्या मात्र होत राहिल्या.

यंदा नाताळाआधी त्यांच्या मुलीने डिजिटल थर्मोस्टॅट पाठवला. आर्विड कुरकुरणार हे ठरलेलंच होतं. आश्चर्य वर्नाचं.

"जुना काय वाईट आहे?" ती म्हणाली. ही बाई कधी कशाला नाही म्हणत नाही!

"मुलगी नाताळला येणार, भिंतीकडे बघणार," आर्विड म्हणाला. "डेल, तुझे डोळे बरे आहेत. तू बसव."

मी भट्टीची वीज बंद केली. जुन्याचं झाकण काढलं. आत काचेची इवलीशी कुपी आणि तिच्यात पाऱ्याचा थेंब. हा थेंब इकडे कलला की भट्टी पेटते, तिकडे कलला की विझते. म्हणून असलं यंत्र भिंतीवर अगदी सरळ बसवावं लागतं. सवयीने मी त्यावर सरळ-तिरकं दाखवणारी बुडबुड्याची लेव्हलपट्टी ठेवली. बुडबुडा थेट एका टोकाला पळाला.

यंत्र तिरकं होतं. थोडंच, पण तबकडीवर बासष्ट आणि घरात जवळजवळ सत्तर, एवढ्याला पुरेसं. स्क्रूंवर रंगाचे जुने थर होते, पण खाचा चकचकीत, कुणीतरी बोथट पात्याने उकरल्यासारख्या.

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात वर्ना उभी. हातात ब्रेडला लोणी लावायचा चाकू. टोक किंचित वाकलेलं.

"कॉफी घेणार, डेल?"

"नको, नको."

"थोडी?"

"उगाच कशाला त्रास."

"केलेलीच आहे."

"बरं, मग अर्धा कप." आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं असतं. पण त्या दिवशी ती कॉफीबद्दल विचारत नव्हती, आणि मीही हो म्हणालो ते कॉफीला नव्हे, गप्प राहायला.

नवा थर्मोस्टॅट लागला. पडद्यावर घरातलं तापमान उमटलं: एकोणसत्तर.

"बिघडलेला पाठवलाय," आर्विड म्हणाला, आणि बटण दाबत दाबत बासष्टवर आणून ठेवलं.

दोन दिवसांनी मी मुद्दाम डोकावलो. शेजारधर्म, दुसरं काय! आर्विड टेबलाशी लोकरी टोपी घालून बसलेला, कानपट्ट्या खाली ओढलेल्या.

"बाहेर निघालास का?"

"नाही. यंदा वारा वेगळ्या बाजूने येतोय."

"आणि भिंती?"

"भिंतींना काय झालंय?" तो खेकसला.

खिडकीपाशी वर्ना दोन स्वेटर घालून नातीची गोधडी शिवत होती. सुई पडली. आर्विडने वाकून उचलून दिली. चार टाके, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळेला त्याने सुई दिली, पण तिचा हात सोडला नाही.

"बर्फासारखा झालाय," तो म्हणाला. "पूर्वी असं होत नव्हतं."

"पूर्वी ऊब होती," वर्ना म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. वाण्याकडे साखर संपली हे सांगावं तसं.

आर्विडने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी कपातल्या कॉफीचा इतका बारकाईने अभ्यास केला की तळाची नक्षी आजही काढून दाखवीन. तो उठला, टोपी काढली, भिंतीपाशी गेला. टिक, टिक, टिक. बराच वेळ टिकटिक चालली.

"या डिजिटलचे अंश लहान दिसतात," तो भिंतीला म्हणाला.

"हो ना," वर्ना म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी वाटलं."

तळघरात भट्टी घुरघुरली.

रविवारी कॉफीला सगळ्यांचे कान टवकारलेले. मी गप्प. हे वाचून माझी बायको हसत सुटेल, पण देवाशपथ गप्प होतो.

"आर्विड, नव्यावर किती?"

त्याने केक सावकाश चावून गिळला. "एकोणसत्तर."

एकाचा चमचा बशीत पडला.

"जुन्या बासष्टइतकंच होतं," आर्विड म्हणाला. "डिजिटल अंश लहान असतात. हवं तर डेलला विचारा, त्याने बसवलाय."

पंधरा तोंडं माझ्याकडे वळली. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे गावभर पुरेल एवढी बातमी होती. समोरच्या टेबलावर वर्ना कॉफी ओतत होती, किटली तिच्या हातात अगदी स्थिर.

"पुष्कळच लहान," मी म्हणालो.

परतताना आर्विड माझ्याबरोबर चालला. बर्फावर आमचे बूट कुरकुरत होते.

"लोण्याचा चाकू वाकला होता आमचा," तो म्हणाला. "काल ठोकून सरळ केला."

"छान केलंस."

"हं. आता लागायचा तो फक्त लोण्यालाच."