भाताचा गळा

श्रीगोंद्याहून पहाटेची एसटी धरली तेव्हा खिडकीबाहेर नुसता ऊस होता. संगमनेर गेलं, अकोले गेलं, आणि राजूरच्या अलीकडे डोंगर एकदम अंगावर आला. ढग त्याच्या कमरेला. आपलाच जिल्हा, आणि मी तो पहिल्यांदा पाहत होते!

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कृषी शाखा, पहिला वर्ग. कुणी विचारो न विचारो, मी सांगतेच. काळभाताचं (काळ्या टरफलाचा सुवासिक भात) बी आणायला निघाले होते. राजूरहून जीपने ज्या वाडीत उतरले तिथे ते एकट्या हौसाबाईंकडे उरलं होतं, तेही एकाच खाचरात (बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा).

हौसाबाई चिखलात वाकून तण काढत होत्या.

“मावशी, मी पण येते. शिकलेय मी ह्यातलं.”

“ये की! शिकल्याला हात कवा लागलाच न्हाई आमच्या वावराला.”

हुबेहूब भातासारखं दिसणारं एक गवत असतं. भाताच्या पानाच्या बुडाशी जिव्हिका (जिभेसारखा पातळ पापुद्रा) असते, त्या गवताला नसते. परीक्षेत आकृती काढून मी पूर्ण गुण घेतले होते. थोड्या वेळाने ऐटीत मूठ वर धरली.

हौसाबाईंचं हसू मावळलं. “आगं बया! गवत ठिवलंस आन् भात उपाटलास?”

सात रोपं. पुढच्या सालच्या बियाण्यातली. माझे कान तापले.

त्यांनी माझं बोट धरून एका पानाच्या बुडाशी टेकवलं. “ह्यो भाताचा गळा. दाढी लागती का? आता हे गवत बघ. बोडकं.”

मग माझ्याच हातांनी ती सात रोपं परत लावून घेतली. स्वतः समोरच्या डोंगराकडे बघत, सुनेच्या गप्पा सांगत तण उपटत राहिल्या. एकदाही खाली पाहिलं नाही. मी त्यांचा ढीग एकेक काडी तपासला. भाताचं एकही रोप नव्हतं! जिव्हिका हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नाही.

दुपारी नाचणीची भाकर, ठेचा आणि माझ्यासाठी मूठभर काळभात. झाकण काढलं तसं घर घमघमलं. तेव्हा मी धीर करून बी मागितलं.

“दिवाळीनंतर ये. तू लावल्याली सात जगली, तर त्यांचंच बी तुला दीन.”

“आणि नाही जगली तर?”

“मंग ऊस हायच की तुमच्याकडं!”

दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला उतरले. वडील स्टँडवर वाट बघत होते. शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण माझी पदवी गावभर सांगतो. “आनलं का बी?”

“न्हाई, आण्णा,” मी म्हटलं. नखांत अजून चिखल होता. “परीक्षा दिलीय. निकाल दिवाळीनंतर.”