मेहुण्याच्या तोंडावरचा धूसर चौकोन

माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी लातूरकरांसमोर गुन्हेगार ठरवलं, तेव्हा माझा हेतू अत्यंत शुद्ध होता.

झालं असं, की आमच्या वैशालीला लातूरचं स्थळ आलं. पोरगा पसंत, पोरगी पसंत, आमची ही तर मनातल्या मनात जावयाला पुरणपोळी वाढून मोकळीही झाली होती. अडलं होतं फक्त होणाऱ्या व्याह्यांपाशी. सिद्रामप्पांची लातूरला धान्याची आडत. तुरीचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय पोत्याला हात न लावणारा माणूस! त्यांनी फोनवर एकच विचारलं, "पोरीचं आजोळ कसं हाय?"

मला स्फुरणच चढलं. वैशालीचा मामा शिवराज म्हणजे लोहा गावचा हळदीचा नावाजलेला शेतकरी. त्याचा सत्कार टीव्हीवर दाखवला होता आणि मी तो जपून रेकॉर्ड करून ठेवला होता. अडचण एकच. ज्या लोकल चॅनलवर तो लागला, त्याचं नाव 'चोर सापडला'! (रोज रोज चोर सापडेनात, म्हणून बिचारे सत्कार दाखवायला लागले असावेत.) हे नाव लालभडक अक्षरांत वरच्या कोपऱ्यात अखंड लुकलुकत होतं.

"तसंच धाडा की. शिवराजला कोण ओळखत न्हाई?" ही म्हणाली.

"इथं नांदेडात ओळखतात. लातूरवाले लई संशयी हायेत!"

मी मोबाईलवर लोगो पुसायचं ॲप घेतलं. लोगोभोवती बोटानं चौकोन काढायचा, की तेवढा भाग धूसर होतो. शिवराज खाली खुर्चीत, लोगो वर. पुसला! सुरुवात बघितली, झकास! लगेच पाठवून दिला. (शेवटपर्यंत कशाला बघायचं? सत्कार मी आधीच बघितला होता.)

थोड्याच वेळात सिद्रामप्पांचा फोन.

"पाव्हणं, हे तोंड झाकलेलं कोण हाय?"

"तोंड झाकलेलं?"

"त्येला पोलिसानं धरलंय बघा."

मी घाईघाईनं व्हिडिओ उघडला आणि या वेळी पुढपर्यंत बघितला. शाल घ्यायला शिवराज उभा राहिला होता. माणूस धिप्पाड! उठला तो थेट माझ्या चौकोनात शिरला. चेहरा गायब! शेजारी पाहुणे म्हणून आलेले पोलीस ठाण्याचे साहेब, पूर्ण वर्दीत, त्याचा हात घट्ट धरून. आणि निवेदिका ओरडत होती, "हळदीत यांनी जे केलं, ते आजवर कुणी केलं नाही!"

"अहो, ते वैशालीचे मामा! साहेब त्यांचा सत्कार करून राहिलेत!"

"सत्काराला तोंड झाकत्यात व्हय?"

"न्हाई हो, मीच झाकलं. तिथं 'चोर सापडला' असं लिहिलेलं होतं, ते पुसायला गेलो अन्..."

सिद्रामप्पांनी आवाज खाली आणला. "हळदीत काय केलं म्हणे त्येंनी?"

"विक्रमी पीक काढलं!"

"आसं व्हय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संशय फिटावा म्हणून मी मूळ व्हिडिओही पाठवला. आता चेहरा स्वच्छ, हात पोलिसाच्या हातात आणि डोक्यावर लाल अक्षरांत 'चोर सापडला'! लातूरहून काही उत्तर आलं नाही.

लोह्याहून मात्र आलं. (हिनं कौतुकानं माझा पुसलेला व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर टाकला होता!)

"दाजी, माझ्याच सत्कारात माझंच तोंड पुसलं? कवाचा राग काढून राहिले तुम्ही? मंगलाष्टकाला पोरीमागं उभा ऱ्हायला दुसरा मामा बघा!" शिवराजनं फोन आपटला.

"माझ्या माहेरचं कौतुक यांना कवा बघवलंय?" हिनं भिंतीला विचारलं.

वैशालीचे डोळे रडून सुजले होते. "पप्पा, खरं सांगा, तुम्हाला हे लग्नच नको होतं ना?"

घरात माझ्यावर संशय न घेणारं कुणी उरलं नाही. मला स्वतःलाही मधूनमधून शंका यायला लागली.

आणि एके दिवशी सिद्रामप्पा आगाऊ न कळवता थेट लोह्याला पोचले. हळकुंड चावून बघितलं, मामाचं उघडं तोंड निरखून बघितलं, पोटभर जेवले आणि शिवराजला गाडीत घालून नांदेडला आमच्या दारात हजर! मी लगबगीनं खुर्च्या पुढे केल्या.

"मामा सोनं हाय," त्यांनी बसता बसताच सांगितलं. "पण एक चौकशी ऱ्हायली." मग ते हिच्याकडे वळले. "ताई, हे तुमचे मालक चांगल्या माणसाचं तोंड झाकत्यात. ह्ये माणूस कसं हाय?"

वैशालीनं आईचा पदर घट्ट धरला. पोरीचा सगळा संसार आता हिच्या जिभेवर होता. हिनं मला नखशिखांत न्याहाळलं. मी शक्य तितका भला चेहरा केला.

"पोरगी समदी माझ्यावर गेलीय," ही म्हणाली. "निर्धास्त ऱ्हावा."

तेवढ्यावर सोयरीक पक्की झाली!