सात दिवसांच्या गोळ्या

गिंडीच्या कारखान्यात माझं काम म्हणजे मालातले दोष शोधणं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागाला लाल रंग लावायचा, पुसायचा आणि पांढरी पूड मारायची. डोळ्यांना न दिसणारी चीर लाल रेघ होऊन वर येते. 'दिसत तर काही नाही' असं कोणी म्हटलं, की मी त्याला चांगलाच फैलावर घ्यायचो.

सांगली सोडून तमिळ मुलखात येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली होती. पेरुंगुडीत भाड्याने राहत होतो. बायकोला पाचवा महिना होता. तिला तमिळ भाजीबाजारापुरतं यायचं आणि इंग्रजीची भीती वाटायची, म्हणून दवाखान्याचे सगळे कागद माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. त्रास नसला तरी गरोदरपणात ही तपासणी करतात, म्हणाल्या. रिपोर्ट आला की लगेच दाखवा, हेही मला बजावलं.

तीन दिवसांनी कामावरून येताना मी रिपोर्ट घेतला आणि बसस्टॉपवरच उघडला. जंतू वाढल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं, खाली त्यांच्यावर लागू पडणाऱ्या औषधांची यादी. घरी आल्यावर तिला विचारलं, लघवीला जळजळ होते का, ताप वाटतो का. ती कणीक मळत होती. म्हणाली, काही नाही, उलट आता भूक लागते.

मग मी शहाणपणा पाजळला. त्रासच नाही तर औषध कशाला? पोटात बाळ असताना अँटिबायोटिक कशाला? पुढच्या महिन्यात तपासणी होतीच. तिला काही बोललो नाही, उगाच घाबरेल म्हणून. रिपोर्ट फायलीत सारला आणि निवांत जेवलो. त्या जेवणाची मला आजही किळस येते.

अठराव्या दिवशी तिला हुडहुडी भरली. कमरेतल्या कळांनी ती उभी राहू शकेना. जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, पण दुसऱ्या दिवशी वेणा सुरू झाल्या. मुलगी झाली. तासभर होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सात दिवसांच्या गोळ्यांचं काम होतं, एवढंच इंग्रजीत म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर तिला दूध येऊ लागलं. छातीला घट्ट फडकं बांधून ती भिंतीला टेकून बसायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत मला. मीच काही होत नाही म्हणाले. माझ्याच पोटातलं मला कळू नये?"

तुझी काय चूक, म्हणत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. चूक कोणाची, ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही.