जनीच्या घरचा पंखा

कासू गावाच्या पश्चिमेस, भरतीचे पाणी जिथे बांधाशी अडते, तिथे बावीस घरांची एक वाडी आहे. तिथल्या जनीचे आयुष्य मिठागरात गेले. चिखलाची जमीन पायांनी तुडवून कठीण करावी, तीत खाडीचे पाणी कोंडावे, मीठ धरले की टोपल्यांनी वाहावे, एवढ्यातच तिची पन्नास वर्षे सरली. खाऱ्या पाण्याने तळपायांची संवेदना हळूहळू नाहीशी झाली होती. शिंपला रुतून रक्त आले, तरी तिला ते मागे उमटलेल्या डागांवरूनच कळे. नवरा हिरामण गुडघ्यांनी अधू, आणि पदरी मूलबाळ नाही. या साऱ्याविषयी ती कधी तक्रार करीत नसे. तक्रार करण्याजोगे काही घडले आहे असेच तिला वाटत नसे.

वाडीची एक जुनी रीत होती. परका माणूस कोणाच्याही ओटीवर आला तरी तो साऱ्या वाडीचा पाहुणा, म्हणून त्याच्या सत्काराची सामग्रीही साऱ्या वाडीची. शेजारच्या गिरजाबाईचा मुलगा रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर जाई. त्याने आणलेली लोखंडी खुर्ची आणि टेबलपंखा, सीताबाईच्या फुलांच्या कपबश्या, हे सारे पाहुण्याच्या आधी परसदाराने त्या घरी पोचलेले असे. आणि पाहुणा वाडीबाहेर पडेपर्यंत ते परत नेणे अशिष्ट मानले जाई. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी एकाच दिवशी दोन घरी त्याच खुर्चीत बसून पोहे खाल्ल्याची हकीकत हसतहसत सांगितली जाई. त्यात लपवाछपवी आहे असे कोणाच्या मनातही येत नसे.

विसावे शतक संपायला दोन-तीन वर्षे उरली असताना दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची पाहणी निघाली. हेतू शुद्ध होता. ज्याच्यापाशी काही नाही त्याला स्वस्त धान्य मिळावे, यासाठी कोणाच्या घरी काय आहे हे डोळ्यांनी पाहून लिहायचे. ज्या घरी पंखा, ते घर रेषेच्या वर. हा नियम वाडीला कोणी सांगितला नव्हता.

चैत्रातल्या एका दुपारी पाहणीचे गुरुजी बांधावरून येताना दिसले. पहिले घर जनीचे.

"गो जनी, सायेब आला!" गिरजाबाई परसदारातून पंखा घेऊन आत शिरली. "हा घे. बल्ब काढ नि तिथंच लाव."

"आन् तुझ्याकडं आल्यावर काय करशील?"

"माझ्याकडं बसंल तरी का तो? सरबत पिऊन इथंच आडवा व्हायचा, बघ."

घामाघूम झालेले गुरुजी खुर्चीत टेकले. कोकमाचे सरबत प्याले. "बरा वारा आहे हो," ते म्हणाले. "हाय ना," जनी समाधानाने म्हणाली. त्यांनी कागदावर काही लिहिले. पुढे गिरजाबाईच्या घरी ते उभ्याउभ्याच डोकावले. तिथे मोकळी जमीन आणि एक चटई होती. मुलाची शिधापत्रिका वेगळी होती. तेही त्यांनी लिहिले.

पावसाळ्याआधी शाळेच्या ओटीवर ग्रामसभा भरली आणि यादी वाचली गेली. गिरजाबाईचे नाव चौथे आले. जनी-हिरामणचे आलेच नाही.

"आमचं ऱ्हायलं," हिरामण भिंतीला धरून उठला.

ग्रामसेवकाने कागद पाहिला. "आजोबा, तुमच्याकडे पंखा आहे. नोंद आहे तशी."

"हिरामणदादा वारा खातोय, नि आम्हाला पत्ताच नाय!" मागून कोणी म्हणाले. हशा झाला.

महामार्गालगतची जमीन विकून सुस्थितीत आलेले दिनानाथ पुढच्या खुर्चीत होते. ते सावकाश म्हणाले, "पूर्वी कुणाला गरीब म्हटलं तर तो भांडायला उठायचा. आता गरीब नाय म्हटलं की उठतो. सरकार देतंय ना, मग कष्ट कोण करील?" बऱ्याच माना डोलल्या. त्यांत ज्यांची नावे नुकतीच वाचली गेली होती त्यांच्याही होत्या.

हिरामणने जनीकडे पाहिले. जनीने गिरजाबाईकडे पाहिले. ती शेजारीच बसली होती आणि पदराच्या काठाची घडी घालत होती, मोडत होती. एक वाक्य पुरेसे होते: पंखा गिरजाबाईचा. त्या वाक्याने जनीचे नाव यादीत आले असते आणि गिरजाबाईचे गेले असते.

"पंखा तुमचाच ना, आजी?" ग्रामसेवकाने विचारले.

"व्हय," जनी म्हणाली. "आमचाच हाय."

वाटेत हिरामणने एकदाच विचारले, "का गो?"

"पाहुण्यासाठी दिलेली वस्तू. तिच्या तोंडावर कशी मारू?"

गुरुजी गेल्यावरही गिरजाबाईने पंखा नेला नव्हता. घरी येताच जनीने तो उचलला आणि शेजारी नेला. गिरजाबाईने दार अर्धेच उघडले.

"आता नको गो आणू. पुन्हा तपासायला येतात म्हणं."

"मग याचं काय करू?"

"राहूदे तुझ्याकडंच."

जनीने पंखा परत आणून फळीवर ठेवला. पिवळ्या कार्डावरचे पहिले तांदूळ मिळाले, तेव्हा गिरजाबाई पदराखाली एक पातेले घेऊन आली. "ठेव," जनी म्हणाली. पुढल्या महिन्यात पातेले आले नाही. जनीने वाट पाहिली नव्हती. हंगाम लागला तशी ती मिठागरात उतरली. तेवढ्याच टोपल्या, तोच बांध.

तिच्या घरात विजेची जागा एकच होती. पंखा लावला की अंधार, म्हणून तो कधी लागला नाही. मार्गशीर्षात गिरजाबाईच्या पुतणीला पाहायला माणसे आली. बांधावर ती माणसे दिसताच जनीने पंखा फळीवरून काढला, पदराने पुसला आणि परसदाराने शेजारी नेऊन दिला. माणसे निघून गेल्यावर गिरजाबाईने तो आणून पुन्हा तिच्या फळीवर ठेवला.