सुट्टीतलं एम.ए.

हिंगोलीहून सेनगावकडे आमची गाडी रोज सकाळी निघते. आम्ही चौघं शिक्षक, शाळा वेगवेगळ्या पण रस्ता एक. बारा वर्षांच्या अप-डाउनमुळे आमचं सगळंच एकत्र होऊन बसलंय. विमा एकाच एजंटाचा, मोबाइल एकाच दुकानातले, मुलांचे क्लास एकाच गल्लीत. एकाने गुडघ्याचा पट्टा आणला की आठवड्याभरात चौघांचे गुडघे दुखायला लागतात. त्यामुळे गाडी चालवणाऱ्या सरांनी एकदा शिक्षणशास्त्रात मास्टर्स करायचा विषय काढला, तेव्हा ते चौघांनी मिळूनच करायचं, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

सरांनी कॉलेजही शोधून ठेवलं होतं. कुठलं ते सांगत नाही, लांबचं होतं एवढं पुरे. तिथे फक्त नाव लावायचं आणि परीक्षेला जायचं. हजेरीचं ते बघून घेतात. पुढेमागे बढती निघाली तर कागद हाताशी असावा, एवढाच हिशोब होता आणि त्यात गैर असं गाडीत कुणाला काही वाटलं नाही. मलाही फारसं वाटलं नाही. पण मास्टर्स करायचं माझ्या डोक्यात त्याआधीपासून घोळत होतं, आणि ते बढतीसाठी नव्हतं.

ते एका मुलीमुळे होतं. शाळेजवळच्या तांड्यावरची, तिसरीतली. घरी बंजारा बोली बोलणारी, वर्गात फारसं तोंड न उघडणारी. पण पुस्तक उघडलं की ओळीखाली बोट ठेवून घडाघडा वाचायची. तिच्या नावापुढे मी ‘वाचन येते’ असं समाधानाने लिहिलं होतं. एक दिवस ती अशीच वाचत असताना पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. बोट नव्या पानावर फिरत राहिलं आणि तोंडातून जुनंच पान येत राहिलं, एकही शब्द न चुकता. मला आधी हसू आलं आणि मग ते गेलं. तिची मोठी बहीण संध्याकाळी मोठ्याने वाचायची, त्यावरून हिने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. जी भाषा घरी कुणी बोलत नाही, तिच्यातलं पानच्या पान.

आता ही मुलगी मागे आहे म्हणायचं की सगळ्यांच्या पुढे? मी अक्षरांची कार्डं करून पाहिली, गोष्टी सांगून पाहिल्या, बाजूला बसवून घेतलं. तेवढ्यात वर्ष संपलं आणि तिच्या घरच्यांनी कामासाठी गाव सोडलं. ती कधी वाचायला शिकली की नाही, मला आजही माहीत नाही. याचा मला फार त्रास व्हायचा. कुणाला विचारावं, हेही कळत नव्हतं.

म्हणून मी माझी माझी शोधाशोध सुरू केली. पूर्णवेळ एम.एड.चा विचार करून झाला. त्याला दोन वर्षं रजा हवी, आणि रजेचा अर्ज बघून कार्यालयातले साहेब चहा मागवतील आणि विषय बदलतील, हे ठाऊक होतं. मग एका विद्यापीठाचं शिक्षणशास्त्रातलं एम.ए. सापडलं, खास नोकरीतल्या शिक्षकांसाठी. वर्ग दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेही समोर बसून, आणि मधल्या काळात आपल्याच वर्गातल्या मुलांवर अभ्यास. जागा थोड्या, निबंध लिहायचा आणि मुलाखत द्यायची. हे मी गाडीत सांगितलं. मग सर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “मॅडम, काहून तकलीफ करून घेता? डिग्री तर दोन्हीकडे तीच भेटते.”

माझ्या सुट्ट्या आता या वर्गांत जाणार हे घरी सासूबाईंना कळलं तेव्हा त्या तूर निवडत होत्या. दिवाळीचा फराळ हा त्यांच्या राज्यातला विषय. शंकरपाळे, चकल्या, सगळं त्यांच्या हुकमाने, आणि मी त्यांच्या हाताखाली. एकच पदार्थ त्यांना दरवर्षी दगा द्यायचा. अनारसे. तुपात सोडले की हसायचे, म्हणजे पसरून त्यांचा चुरा व्हायचा. त्याचं खापर कधी तांदळावर फुटायचं, कधी गुळावर, कधी ऐन वेळी डोकावणाऱ्या शेजारणीवर. स्वतःवर कधीच नाही, आणि कुणाची तसं म्हणायची टापही नव्हती. माझ्या आईचे अनारसे दरवर्षी जाळीदार व्हायचे, पण ते या घरात बोलायचं नसे.

सासूबाई तुरीतला खडा बाजूला टाकत एवढंच म्हणाल्या, “इतकी वर्षं शिकवून राहिली तू. शिकवता येतं म्हणूनच नोकरी लागली ना? मग आता काय शिकायचं राहिलं?”

मला राग आला, आणि प्रश्न चुकीचा नव्हता म्हणून जास्तच आला.

अर्ज भरायला मी आणि नवरा बसलो. तोही शिक्षकच. फोटो चढेना, सही चढली तर उलटी दिसे, तरी ते निभावलं. खरं घोडं अडलं निबंधापाशी. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलाने तुम्हाला विचारात पाडलं त्याच्याविषयी लिहा, असा विषय होता. मला आनंद झाला, माझ्याकडे ती मुलगी होती. मी कागद घेतला, समास सोडला, आणि लिहायला लागले. घटक: वाचन. उद्दिष्टे. पूर्वज्ञान. शैक्षणिक साहित्य. अध्यापन पद्धती. इतकी वर्षं रोज पाठाचं टाचण काढणारा हात, तो दुसरं काय लिहिणार? प्रत्येक मथळ्याखाली पट्टीने रेघ मारली. नवऱ्याने बारकाईने वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, बाकी सगळं बराबर आहे, फक्त मूल्यमापन राहिलंय. मग तेही घातलं. दोघांनाही ते फार देखणं वाटलं आणि आम्ही ते पाठवून दिलं.

मुलाखत मोबाइलवर, व्हिडिओ कॉलने होती. उन्हाळ्याची सुट्टी, दुपार, कूलरचा आवाज नको म्हणून तो बंद केलेला. समोरच्या बाई वयस्क होत्या, आवाज शांत. त्यांनी माझा निबंध हातात धरला होता. म्हणाल्या, “टाचण छान काढलंय तुम्ही. पण यात ती मुलगी कुठे आहे?”

मी म्हटलं, ती पूर्वज्ञानात आहे. त्या हसल्या नाहीत, त्यांनी निबंध बाजूला ठेवला. मग मी पंख्याची गोष्ट सांगितली. बोट, पान, बहीण, तांडा, सगळं. सांगताना मला जाणवलं की हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, गाडीतही नाही आणि नवऱ्यालाही नाही. शिक्षिकेने असं काही सांगायचं नसतं. बाईंनी विचारलं की मग तिला वाचायला कसं शिकवायला हवं होतं. माझ्याकडे तयार उत्तरं होती, कृतियुक्त अध्यापन आणि काय काय, घोकून ठेवलेली. ती ओठापर्यंत आली, आणि मला त्या मुलीचं बोट आठवलं. मीही आता तेच करणार होते, पान कुठलंही असो, पाठ केलेलं म्हणून दाखवणार होते.

“मला न्हाई माहीत, मॅडम,” मी म्हणाले. मुलाखतीत बोलायची भाषा कुठल्या कुठे पळाली होती. “लई विचार केला. मला न्हाई समजलं.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. हे हातचं गेलं असं समजून मी सोडून दिलं. गाडीतल्या सरांना सांगून तिकडे नाव लावावं, असंही मनात येऊन गेलं. पण शाळा सुरू व्हायच्या आत निवड झाल्याचा निरोप आला. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, कशासाठी ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

सासूबाई घाबरून आत आल्या. मी सांगितलं की घेतलं मला. त्यांनी विचारलं, काय विचारलं त्यांनी तुला. मी सगळं सांगितलं, शेवटचं उत्तरही.

“येत न्हाई म्हणून सांगितलं तू? अन् तरी घेतलं?”

“व्हय. तेच शिकायला जायचंय, आई.”

त्या ओट्याला टेकल्या. मला वाटलं, आता फराळाचा विषय निघणार, सून ऐन दिवाळीच्या तयारीत घरात नाही म्हणून. तो निघालाच. फराळाचं मी बघते, तू जा, म्हणाल्या. दाराशी गेल्या आणि वळल्या.

“जायच्या आधी तुझ्या आईला फोन लाव. अनारशाचं पीठ कुठं बिघडतं ते इचारायचंय. मला आजवर न्हाई समजलं.”

मी डोळे पुसले आणि त्यांच्यासमोरच फोन लावून दिला.