नारळाच्या आळ्यातले चतुर

सव्वीस वर्षं मी त्रिशूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण टाचणी आणि चतुर यांतला फरक मला चिरुतानं शिकवला, आणि तोही मी कमरेपर्यंत चिखलात रुतलेली असताना. मला वर ओढता ओढता ती म्हणाली, "पंखांची छत्री मिटून बसते ती टाचणी. उघडी ठेवून बसतो तो चतुर. आता पाय हलवू नका टीचरे, आणखी आत जाल."

तेव्हा मी भातशेतांमधल्या तळ्यांवरचे चतुर आणि फुलपाखरं मोजायला पहिल्यांदाच निघाले होते. हातात जाळी, गळ्यात दुर्बीण, डोक्यात शहाणपण. चिरुता बांधावर गवत कापत होती. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणू लागले, आणि पुढची अकरा वर्षं तिच्याशिवाय एकही मोजणी झाली नाही.

पाऊस सरला की ऊन पडलेल्या सकाळी आम्ही निघायचो. वीस पावलं चालायचं, थांबायचं, पाच मिनिटं जागचं हलायचं नाही, दिसेल ते मोजायचं. मी वहीत लिहायची. चेच्ची कमरेला उजवीकडे खोचलेले चिंचोके एकेक करून डावीकडे टाकायची. आमचा आकडा जुळला नाही तर चूक हटकून माझी निघायची. मला याचा फार राग यायचा.

नावं तिची तिची होती. एकाच काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसणारा चतुर म्हणजे पोस्टमास्तर. लालभडक असतो तो कॉम्रेड. दुसऱ्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाही. आणि निळ्या पंखांचं, देखणं, पण शेणावर जाऊन बसणारं एक फुलपाखरू होतं, त्याचं नाव नारायणन मेंबर. खरा नारायणन आमच्या वॉर्डातून पंचायतीत निवडून गेलेला. माणूस वाईट नव्हता. दिसायला देखणा होता, एवढंच.

चेच्चीचं सगळं आयुष्य भाताच्या लावणीत गेलं. बाराव्या वर्षी चिखलात उतरली ती गुडघे बोलायला लागेपर्यंत. तिच्या घरामागचं तळंही तिनंच खणलेलं. देवळाच्या तळ्यात उतरायला तिच्या लोकांना कायद्यानं बंदी नव्हती, नजरेनं होती. एकोणीस वर्षांची चिरुता एकदा कपड्यांचं बोचकं घेऊन तिथून परत आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं कुदळ उचलली. वस्तीतल्या बायका मागून आल्या. दोन उन्हाळे खणत होत्या. पुढे प्रत्येक घरानं आपापल्या काठावर धुण्याचा दगड मांडला, आणि ज्या घराचा दगड त्या घराचा काठ, असा रिवाजच पडला.

याच तळ्याला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत घालायचं पंचायतीनं ठरवलं. बायकांना पायऱ्या हव्याच होत्या; चेच्चीलाही हव्या होत्या, गुडघ्यांसाठी. पण चारी काठ बांधून काढले असते तर लव्हाळा गेला असता, आणि लव्हाळ्याबरोबर चतुर. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, मग एका पहाटे काडीवर चढतं, पाठ उकलून बाहेर येतं आणि उडून जातं. काडीवर मागे राहते ती रिकामी कात. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात सापडली की समजावं, तो इथंच जन्मला.

मी पंचायतीच्या जैवविविधता समितीकडे अर्ज केला. ठरलं असं, की रविवारी दहा वाजता नारायणन आणि समितीच्या जमीला मॅडम स्वतः येतील, त्यांच्यासमोर मोजणी होईल आणि तिथल्या तिथे निर्णय होईल. मी चेच्चीला निरोप धाडला, "रविवारी मोठी माणसं तळं बघायला येणार आहेत." एवढाच. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

रविवारी पोचले तर काय, तळं आरशासारखं लखलखत होतं. काठावर गवताची एक काडी नव्हती. शनिवारी चेच्चीनं सहा घरच्या बायका जमवून सगळा लव्हाळा उपटून काढला होता. अंगण सारवलेलं, चुलीवर टॅपिओकाचे कंद उकडत ठेवलेले, आणि ती स्वतः ठेवणीतलं पांढरं मुंडू नेसून हसत उभी.

मी ओरडले. सगळ्यांसमोर ओरडले. "अकरा वर्षं माझ्याबरोबर फिरलीस, आणि एवढंही कळलं नाही तुला?"

तिचं हसू मावळलं. "पाहुणे यायचे म्हणजे घर झाडायचं नाही का, टीचरे?" ती हळूच म्हणाली.



पाहुणे आले. आम्ही मोजायला उभ्या राहिलो. बोडक्या पाण्यावर चार कॉम्रेड आणि एक वाट चुकलेली टाचणी. नारायणननं घाम पुसला. "टीचर, इथं तर काहीच नाही. भिंतीनं कुणाचं काय बिघडणार?"

"मेंबरे," चेच्ची म्हणाली, "मोजायचंय ते तळ्यात नाही. नारळाखाली आहे."

"काय नारळाखाली?"

"लव्हाळा. हिरवं कुणी फेकून देतं का? नारळाच्या आळ्यात घातलाय सगळा. काडीला चिकटलेलं काडीलाच असणार. चला."

आम्ही पहिल्यांदा शेजारच्या अम्मिणीच्या परसात गेलो. नारळाच्या बुंध्याभोवती ओला लव्हाळा पसरला होता. मी गुडघ्यांवर बसले, काडी उचलली. पोकळ, तपकिरी, पाठीवर चिरलेली कात. तिच्याखाली दुसरी. जमीला मॅडम चपला काढून शेजारी बसल्या. मग नारायणनही बसला, मुंडू दुमडून, आणि पाच मिनिटांत आम्हाला दटावू लागला, "हळू टीचर, पाय मोडतोय तिचा!"

दुपार होईपर्यंत सात घरांची आळी उपसली. दोनशे सत्त्याऐंशी काती, निदान अकरा जातींच्या. पण खरी गंमत पुढेच होती. मी वहीत घराघराचे आकडे मांडत होते तेव्हा चेच्ची वाकून म्हणाली, "नुसतं घर काय लिहिता? काठ लिहा. अम्मिणीनं अम्मिणीचाच काठ उपटलाय. दुसरीच्या काठाला कोण हात लावेल? भांडण होईल!"

अकरा वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते या बायकांनी एका शनिवारी करून ठेवलं होतं. कुठल्या काठावर किती चतुर जन्मतात, ते सात आळ्यांत वेगवेगळं मांडलेलं होतं. केवड्याच्या सावलीतल्या पश्चिम काठाच्या काती शंभरावर. पूर्वेच्या काठाच्या, जिथं सगळ्यांत जास्त धुणं आपटलं जातं, फक्त नऊ.

"मग पायऱ्या पूर्वेला करा, आणि बाकीचं राहू द्या की मातीचं," चेच्ची म्हणाली. जमीला मॅडमनी तसं लिहिलं. नारायणननं सही केली आणि टॅपिओका दोनदा मागून घेतला.

माझा जीव मात्र भांड्यात पडला नव्हता. लव्हाळा तर उपटलेलाच होता. पाण्यातली पिल्लं आता चढणार कशावर? चेच्चीनं हे मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सातही जणी आळ्यांतून मुळं असलेली रोपं वेचून पाण्यात उतरल्या आणि तीन काठांना लावणी केली. ओळीत, भातासारखी, वीतभर अंतर सोडून.

"चेच्ची, रानगवत असं ओळीत उगवत नाही ग," मी म्हटलं.

"आम्हाला वाकडं लावता येत नाही," ती म्हणाली.

उन्हाळ्यात पूर्वेच्या पायऱ्या झाल्या. पावसाचा जोर ओसरला. मी रोज जाऊन बघत होते. लव्हाळा वाढला होता, काडीवर काही नव्हतं. ओणमच्या चार दिवस आधी पहाटेच तिचा फोन आला, "या." मी तशीच धावले. चेच्ची खालच्या पायरीवर, घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. समोरच्या लव्हाळ्यावर एक ओला, फिकट चतुर आपल्याच कातीला धरून लोंबत होता. पंख अजून चुरगळलेले. पलीकडे आणखी एक. त्याच ओळीत तिसरा.

पंख ताठ व्हायला तासभर लागला. पहिला उडाला तेव्हा मला रडू आवरेना. मी वाकले आणि तिच्या पायांना हात लावला.

"काय करताय टीचरे! पाय भिजलेत माझे," ती म्हणाली. "धरायचंच असेल तर हात धरा. वर चढवत नाही मला."

मी हात धरला.