सात इंचांचं गाऱ्हाणं

गावात मला तबकडीवाली म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात, आणि मी ओ देते. मुंबईत पंधरा वर्षं मालिकांना आवाज जोडायचं काम केलं. मग एक दिवस ते सोडलं आणि कुणीतरी मोडीत काढलेलं एक लेथ यंत्र टेम्पोत घालून आंजर्ल्याच्या अलीकडे आमच्या वाडीत परत आले. लेथ म्हणजे रेकॉर्ड कोरायचं यंत्र. कारखान्यात एका साच्यातून शेकडो रेकॉर्डी दाबून काढतात. माझ्याकडे एका वेळी एकच निघते, आणि पाच मिनिटांचा आवाज कोरायला पाच मिनिटंच लागतात. दहा हव्या असतील तर दहा वेळा बसायचं. "मग मोबाइल काय वाईट?" असं कुणी विचारलं की त्याला मी चहासुद्धा देत नाही.

काम तसं सरळ आहे. प्लास्टिकची कोरी, गुळगुळीत चकती फिरत असते. वर कटर, त्याच्या टोकाला हिऱ्याची सुई. दिव्याने चकती जरा ऊबदार करून घ्यायची, म्हणजे सुई अडत नाही. माइकसमोर कुणी बोललं की सुई थरथरते आणि ती थरथर खाचेत उतरते. कोरून निघालेला तंतू शेवयांसारखा वर येतो. तो नळीने ओढून घ्यावा लागतो, नाहीतर सुईत गुंततो आणि सगळं फुकट. यंत्राखाली मी जांभ्याचे चिरे रचून वर कडप्प्याची लादी टाकली आहे, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्याची धडधड खाचेत येते. विजेचं तर विचारूच नका, इन्व्हर्टरशिवाय मी सुईला हात लावत नाही. आणि एकदा सुई टेकली की टेकली. खोडायची सोय नाही.

ऐकायला ही रेकॉर्ड कारखान्यातल्या रेकॉर्डीइतकी स्वच्छ नसते, हे मी स्वतःच सांगते. खाली सतत बारीक खरखर असते. 'स' आणि 'श' जरा चरचरतात. सुई मधल्या, नाव लिहायच्या कागदाकडे जाऊ लागली की आवाज थोडा बसतो. पण माणूस समोरच्या पाटावर बसून बोलतोय असं वाटतं, आणि मला तेवढं पुरतं.

तर बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशनला दोन आठवडे होते.

बाबा आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचे. शिमग्यात देवाची पालखी दारात आली की एकजण मोठ्याने देवापुढे वर्षाचं मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले बाप्ये, म्हणजे पुरुषमंडळी, एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मांडायचा मान आमच्या घराकडे. बाबांना मी एकटीच, म्हणून त्यांच्यानंतर मान चुलतभावाकडे जाणार, असं सगळ्यांनी न विचारताच ठरवून टाकलं होतं. हा दादा मुंबईत असतो, शिमग्याला चार दिवस येतो आणि त्यातले दोन झोपतो. बाबांचं कळल्यावर त्याचा पहिला फोन काय आला? "काकांचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून पाठव, मला पाठ करायचंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पायरीवर बायकांच्या मागे उभं राहून मला ते लहानपणापासून पाठ होतं. मला कुणी विचारलं नव्हतं.

तरी आवाज मलाही हवा होताच. दादासाठी नाही, माझ्यासाठी. मी कोरी चकती काढली आणि बाबांना म्हटलं, जरा गाऱ्हाणं म्हणून दाखवा.

"म्हनून दाखवायला ता काय गाना हाय?" बाबा म्हणाले. "देवाला फुकटची हाक मारायची नाय, बाय. मागायचा आसल तरच घालायचा."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच माझ्या खोलीत आले. यंत्राकडे बघत उभे राहिले. "ह्यात एकदा बोललेला पुसता येत नाय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मंग घालतो. मला मागायचा हाय एक. पाच मानसां बोलव."

"काय मागायचंय?"

"ता देवाला सांगन. तुला कशाला?"

रविवारी सकाळी चार शेजारी आले, आणि बाबांना भेटायला आलेला दादा पाचवा. आधी एका चकतीवर चाचणी घेतली. पाचही जण माइकजवळ असे ओरडले की सुई हेलकावे खात शेजारच्या खाचेत घुसली आणि चकती वाया गेली. मी म्हटलं, जरा हळू म्हणा. एक शेजारी म्हणाला, "हळू बोललो तर देव म्हनल, हे कोनाच्या मयताला आलेत!" शेवटी त्यांना बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, खिडकीपासून लांब उभं केलं. बाबा आत, माइकपासून एक वीत. मी कानाला हेडफोन लावले आणि सुई टेकवली. सात इंची चकतीवर मला साडेपाच मिनिटं मिळतात.

बाबांचा आवाज तेव्हाच जाड झाला होता. तरी त्यांनी शिवेवरचे, वाटेवरचे, पाणवठ्यावरचे सगळे राखणदार नावानिशी बोलावले. भात मागितलं. मोहोर टिकू दे म्हणाले. वानरांनी बागा खाल्ल्या, त्यांना दुसरी वाट दाखव म्हणाले. मुंबईच्या पोरांना नोकरीत सांभाळ म्हणाले. प्रत्येक वेळी खिडकीतून "व्हय म्हाराजा!" येत होतं, लांबून, एका दमात. मध्ये बाबांना खोकला आला. मी सुई उचलली नाही. खोकून झाल्यावर ते पुढे बोलू लागले. आता पाऊण मिनिट उरलं होतं. सुई मधल्या कागदाच्या जवळ आली होती, आवाज बसायला लागला होता. मी बोट वर करून खूण केली.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आनी म्हाराजा, आजवर ह्या दारचा गाऱ्हाना मी घातला. आता माजा गळा ऱ्हानार नाय. फुडल्या शिमग्यापासना ह्या दारचा गाऱ्हाना माजी लेक घालील. ता तू ऐकून घे, आनी कोन आडवा आला तर त्याची समजूत काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाचही जण सवयीने ओरडले.

मग चकतीचे दोन-तीन फेरे रिकामेच गेले. आणि त्यानंतर, स्पष्ट, दादाचा आवाज: "ऑ?"

तिथे चकती संपली. मी सुई उचलली. रडू येत होतं आणि बाबांचा रागही येत होता, की मला आधी सांगता आलं नसतं का. दादा धावत आत आला. "तो शेवट कापून टाक."

"कापता येत नाही."

"मग दुसरी कर. त्यात ते नको."

बाबा पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "आता देवाला काय सांगू? मगाशी बोललो ता खोटा?" दादा बाकीच्यांकडे वळला. चौघेही चपला शोधण्यात गर्क होते. त्यातला एक जाता जाता एवढंच म्हणाला, "व्हय बोललो तर खरे आमी."

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, गळ्याला रुमाल बांधून. पाटीवर लिहायचे, तेही थोडकंच. रेकॉर्ड मी एकदा लावली. गाऱ्हाणं सुरू होताच ते सरसावून बसले, खोकला आला तिथे हसले, आणि संपल्यावर पाटीवर लिहिलं, "पाठ कर." मी लिहिलं, "आहे." ते ऐकू शकतात हे मी विसरलेच होते. मग आम्ही दोघंही हसलो, ते आवाजाशिवाय.

शिमग्यात पालखी दारात आली. खळं माणसांनी भरलेलं. मी पायरी उतरून पुढे आले तशी कुजबुज सुरू झाली. दादा मोठा हुशार. सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईमाणसाला कशाला त्रास? काकांचा आवाज घरात आहे की! रेकॉर्ड लावा. मान काकांचाच राहील." माना डोलल्या. दोन म्हाताऱ्यांनी तर वाहवा केली. आजवर जिला प्लास्टिकची ताटली म्हणून हिणवलं, ती रेकॉर्ड आता सगळ्यांना हवी होती, कारण ती माझं तोंड बंद करणार होती.

ती रेकॉर्ड मला माझ्या जिवापेक्षा प्यारी आहे. म्हणूनच मी भडकले. "त्यात मागच्या साली मागायचं होतं ते आहे," मी म्हटलं. "यंदा पुरात बांध गेले, ते त्यात आहे का? वरच्या आळीतली सून बाळंतपणात गेली, ती आहे का? देवाला शिळं ऐकवायचं असेल तर लावते. पण मग शेवटपर्यंत लावीन. त्यात तुम्ही पाच जण काय बोललात ते सगळ्या वाडीला ऐकू दे." पायरीवरच्या बायका फिसकन हसल्या. दादा पालखीच्या गोंड्यांकडे बघू लागला.

बाबांनी नारळ माझ्या हातात दिला.

मी सुरुवात केली. राखणदारांची नावं घेताना आवाज चिरकला, पण अडले नाही. "ह्या दारचा गाऱ्हाना यंदा मी घालतंय, ता गोड मानून घे रे म्हाराजा!"

बाप्ये एकमेकांकडे बघत होते, कोण आधी तोंड उघडतो म्हणून. मग बाबांनी गळ्यावरचा रुमाल सोडला, सगळ्यांना दिसेल असा, आणि तोंड उघडून जिवाच्या आकांताने "व्हय म्हाराजा" म्हणाले. आवाज आला नाही. नुसते ओठ, आणि मानेच्या ताणलेल्या शिरा. सगळ्या खळ्याने ते पाहिलं. त्यानंतर कुणाला गप्प राहता आलं नाही, दादालाही नाही. मी दुसरं मागणं घातलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.